तारांची उंची

४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी खुशाल. शाळांचा दौरा सुरू झाला. दर आठवड्याला नवी शाळा, नवं वसतिगृह आणि गाणं शिकायला टपलेली वर्गभर पोरं.

एकच कटकट आहे. माझी प्रवासातली छोटी गिटार खरखरते. कुठलीही तार दाबली तरी आत माशी अडकल्यासारखा आवाज. पोरं तिला माशीबाई म्हणतात, मीही हसते, पण हल्ली वर्गात शिरताना तिला दाराबाहेरच ठेवावंसं वाटतं. दुकानदार म्हणतो, दुसरी घ्या. दाजींची गिटार तूच नीट ठेवायचीस, शिवाय कॉलेजात जन्मभर कंपनं शिकवलीस. उपाय सांग.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर टाक.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

दुकानदाराचं ऐकू नकोस, त्याला विकायचं आहे. आधी दोष शोध, मग पाना हातात घे. तार न दाबताच खरखरली तर दोष ती टेकते त्या वरच्या खाचेत. मानेवरच्या पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच खरखरली तर ती मान फार सरळ झाली. सगळीकडे खरखरली तर तारा फार खाली आल्या.

जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाब. मधल्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. ते सरकवायला तिसरा हात लागेल, कोणाला तरी बोलाव. अडलं तर मानेतल्या सळईचा स्क्रू पाव फेरा सैल कर आणि एक दिवस थांब. थांबणं तुझ्या रक्तात नाही, तरी थांब.

वेळेवर जेव. तू पाठवलेल्या फोटोत नुसती गालफडं दिसतात.

आशीर्वाद नेहमीचेच, ते काही फोटो बघून कमी झाले नाहीत.

ताई

१५ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कार्ड सरकलं. मान ठीक आहे. पहिला पडदा मात्र वसतिगृहाच्या मावशींना दाबायला लावला, माझं डावं बोट सारखं घसरत होतं. मावशींनी तार अशी दाबली, जणू ढेकूणच सापडला.

तारा खाली आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्याखालची हाडाची पट्टी मीच काचकागदावर घासली, दोनदा. उंच तारांवर हात फार लवकर दमायचा. तेव्हा वर करायला सांगू नकोस, तशाच ठेवून खरखर घालवता येते का ते सांग. हल्ली सगळंच कडक बनवतात, बाटल्यांची झाकणंसुद्धा उघडता उघडत नाहीत.

माझी काळजी नको, माशीबाईची कर.

तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

गिटारीत दोष नाही.

आईही म्हणायची, झाकणं घट्ट बसतात. बाबांनी एकेक बरणी सैल करून दिली. कात्रीला तेल दिलं, दाराची कडी बदलली, नळाला लांब दांडा बसवला. घरातली प्रत्येक वस्तू लोण्यासारखी चालायला लागली. हाताकडे कोणी पाहिलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तोवर तिला पेला धरवत नव्हता. आणि मी तुला पाव फेरे शिकवत बसले. बाबांचीच लेक.

नुसत्या दमण्यानेही असं होत असेल, मला कळत नाही. म्हणूनच ज्याला कळतं त्याच्याकडे जा. नसांच्या डॉक्टरांकडे. आणि आजच डाव्या हाताने बटण लावून बघ.

दटावते आहे असं समज, म्हणजे ऐकशील.

ताई

२४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी गिटारीचं विचारलं, तू आईवर गेलीस. पत्र फेकून दिलं. मग उचललं आणि बटणाचा सदरा शोधायला गेले. ट्रंकेत एकही नाही. सगळे डोक्यावरून घालायचे. कधी बदलले, माझं मलाच आठवत नाही.

ताई, मला भीती वाटते. डॉक्टरांनी एकदा आजाराचं नाव घेतलं की ते परत गिळता येणार नाही. पट्टी अजून थोडी उरली आहे. ती घासून जितके दिवस निघतील तितके काढू दे. खरखरेना का. पोरांना सवय झाली आहे.

एवढं एक माझं ऐक.

धाकटी

२८ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

नाही ऐकणार.

मलाही भीती वाटते. तुझं पत्र आल्यापासून मी घरातली सगळी झाकणं उघडून पाहिली, दोन्ही हातांनी. मोठेपणाने भीती आटत नाही, फक्त ती कोणापाशी बोलायची पंचाईत होते.

सोबत नवी पट्टी आहे, पूर्वीच्या उंचीची. दाजींच्या हत्यारांनी मीच घासली. तारा सैल कर, तुझी काढ, ही बसव. खरखर जाईल. हात किती दमतो ते मग लपणार नाही, आणि डॉक्टरांना तेच बघायचं आहे. वेळ मी घेतली आहे, तुला विचारलेलं नाही. गुरुवारी पहिल्या गाडीने येते.

गिटार बरोबर घे. नंबर लागेपर्यंत बाहेर बाकावर वाजवत बसू. तारा छेडण्याचं तू बघ. पहिला पडदा मी दाबीन.

बाकी भेटीत.

ताई