आईचं निळं फूल आणि चांगुणेचं घमेलं

तीर्थस्वरूप विजयमाला अक्काच्या पायांवर काष्टीहून रंगनाथचं डोकं. गुडघ्यांना तेल चोळणं चालू आहे ना? दाजींचा खोकला उतरला असेल. इकडे सगळं ठीक. म्हैस व्याली, तुझी भावजय चांगुणा बरी आहे (माझ्यावर रागावली आहे, पण बरी आहे). फोन न करता पत्र धाडतोय, कारण फोनवर तू मला एक वाक्यही पुरं करू देत नाहीस.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी, तोंडही न धुता, मी माळावर गुडघ्यांवर रांगत होतो. शेजारचा आसाराम शेळ्या घेऊन आला आणि लांबूनच ओरडला, "तात्या, काय हरवलं? अंगठी व्हय?" मी म्हणालो, देव. त्यानंतर त्याचं लक्ष शेळ्यांवर कमी आणि माझ्यावर जास्त होतं.

देवच हरवायची वेळ आली होती, अक्का. आईच्या दहाव्याला तिचा पितळी बाळकृष्ण कुणाकडे राहावा यावरून आपण दोघंही अडून बसलो होतो, ते तुला आठवत असेल. मग तूच म्हणालीस, गोकुळाष्टमीपर्यंत ज्याच्या दारात आईचं निळं फूल उमलेल, देव त्याच्या घरी; कुणाकडेच नाही उमललं तर थोरलीकडे, आणि तोवर तुझ्याकडे. मी लगेच हो म्हणालो. तुमच्या सोनईत घरापर्यंत ऊस आलेला, आणि ज्या माळावरून आई देवाला ते फूल आणायची तो माळ माझ्या घरामागे. मनातल्या मनात मी देव्हारा पुसूनही घेतला. एवढंच, की त्या माळावर फूल शोधायला मी जन्मात कधी गेलो नव्हतो.

ज्येष्ठभर गेलो. शेतात पाण्याची दारं धरून, अंघोळ, पूजा, जेवण उरकून, दुपारी. माळभर गवत, निळं काही नाही. शेवटी आईच्या फुलाची पानं बारीक आणि लवदार असतात एवढं आठवून एक रोप उचललं, तुळशीशेजारी लावलं आणि रोज नमस्कार करून पाणी घालू लागलो. तुला फोनवर सांगितलं की रोप छान आहे. (रोप छान होतंच.) महिन्याने त्याला फूल आलं ते पिवळं. चांगुणा म्हणाली, "अवो, ह्यो चिकणा हाय. आमी ह्याचे खराटे बांधायचो." मी म्हटलं, मग महिनाभर का बोलली नाहीस? तर म्हणते, "तुमी हात जोडत हुता. म्हनलं नवस आसंल." आपल्याकडे नांगर बाप्यांच्या हाती आणि खुरपं बायांच्या, त्यामुळे कोणतं तण कोणतं हे पुरुषांना कळत नाही. मी मात्र हे पन्नाशीला, खराट्याची पूजा करून शिकलो.

मग घाबरून तुला फोन केला. खरं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आडून विचारलं, आई फुलं कुठल्या अंगाला वेचायची? तू विचारलंस, "तू जातोस कवा?" दुपारी, म्हणालो. तू इतकी हसलीस की दाजी काय झालं म्हणून विचारू लागले. मग म्हणालीस, "आरं येड्या, ते दुपारी मिटतं. आई उजाडताना उगं जायची व्हय?"

म्हणून तो सोमवार. ऊन तिरपं होतं आणि ज्या गवतावरून मी महिनाभर चपला वाजवत गेलो, त्यात शर्टाच्या गुंडीएवढी निळी फुलं जागोजाग उघडी होती. आसाराम म्हणाला, "हे? हे तर शेळ्या रोज तुडवत्यात." मी नुसता बसून राहिलो. आई रोज इथं एकटी या फुलांशी काय बोलत असेल, असं मनात आलं.

पुढचं थोडक्यात. पहिली तीन रोपं काळ्या मातीत, शेणखतात लावली आणि दोन वेळा पाणी पाजलं. पाहुणचाराने कुजली. मग घमेल्यात माळाचाच मुरूम भरून चौथं लावलं आणि शेतातल्या गडबडीत विसरलो. ते पसरलं. काल सकाळी मोजली, अकरा फुलं होती. जिंकलो म्हणून देव्हाऱ्यापुढे बसलो, तर बाळकृष्णाकडे बघवेना. गप्प राहिली असतीस तर देव तुझा होता. तूच वेळ सांगितलीस. आणि माळ माझ्याकडे आहे हे माहीत असून अटही तूच घातली होतीस. तुला देव हवा होता, पण मी त्या माळावर जावं हे त्याहून जास्त हवं होतं.

तुझा धाकटा,
रंगनाथ

ता. क. घमेलं आसारामबरोबर धाडलं आहे. उन्हात ठेव. माया करू नकोस, पाणीही बेतानं.

ता. क. दुसरा. घमेलं चांगुणेचं शेणाचं आहे आणि ती सध्या माझी अंघोळीची बादली वापरते. रोप उतरवून ते आसारामच्याच हाती परत कर. या पत्राचं मुख्य कारण तेच समज.

ता. क. तिसरा. आसारामला चहा देण्याआधी त्याचा वरचा खिसा बघ. चहा पोटात गेला की तो सगळं विसरतो. आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बाळकृष्ण आहे. आज पहाटे माळावरची फुलं वाहिली, अक्काकडे चाललास म्हणून देवाला सांगितलं आणि मीच उचलून दिला. अष्टमीला पाळणा हलवायला येतो.