पन्नाशीतला ग्लो

८ जानेवारी
दीपिका आली होती, बँकेतली. फेशियलला. चेहरा म्हणजे वाळत घातलेली सुकट. तिला म्हटलं, काळजी घेत नाहीस. तर म्हणे, पाळी बंद झाल्यापासून कोरडं पडतंय, गाल उतरलेत. हल्ली आळसाला हार्मोन्स म्हणायची फॅशन आहे. मीही एक्कावन्नची. माझं कुठे काय?

९ जानेवारी, सकाळी
पार्लरच्या आरशात तोंडाभोवती रेघा. आरसा स्वस्तातला. शिवाय बोईसरची हवा, कारखान्यांचा धूर. हार्मोन्सचा संबंध नाही. माझी पाळी फक्त अनियमित आहे.

१३ जानेवारी
पालघरच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला माझा डेमो ठरला. विषय: 'पन्नाशीत पंचविशीचा ग्लो'. मॉडेल मीच. निमेश विचारतो, दुसरी कोणी मिळत नाही का. नवऱ्यांना सौंदर्यातलं काय कळतं.

१६ जानेवारी
केमिकल पील आलं, वरची कातडी सोलून नवी काढणारं. एकदम स्ट्राँग. वर लिहिलंय, नाजूक त्वचेला लावू नये. ते दीपिकासारख्यांसाठी.

१७ जानेवारी
लावलं. आग झाली. म्हणजे काम करतंय. निमेश म्हणाला, हिमानी, धुऊन टाक. नाही धुतलं.

१८ जानेवारी
गाल लाल. ग्लो आतून वर येतोय. पार्लर बंद ठेवलं. थंडी आहे.

२० जानेवारी
डेमो. फाउंडेशनचे दोन थर दिले, ते पापुद्र्यांसकट सुटायला लागले. मी माइकवर सांगत होते, वयाचा आणि त्वचेचा संबंध नसतो. पुढे तारापूरकडची जमुना बसलेली, मासळी विकणारी. मध्येच म्हणाली, "बाय, तोंडाला वाफ लागली काय? लय भाजलंय तुमचं." बायका हसल्या. अडाणी. एकीनेही अपॉइंटमेंट घेतली नाही. दीपिकाही आली होती; तिने हाताला धरून मला स्टेजवरून खाली आणलं. मदत मागितली नव्हती.

२१ जानेवारी
दीपिकानेच पालघरला स्किनच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे कालची पोरगी. म्हणाली, पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं. पहिल्या काही वर्षांत कोलॅजन भराभर घटतं, त्वचा पातळ आणि कोरडी होते. अशा त्वचेवर एवढं स्ट्राँग पील म्हणजे भाजून घेणंच. आता साधं मॉइश्चरायझर, उन्हात जपायचं, बरं झाल्यावर सनस्क्रीन. एवढंच. मग विचारलं, पाळी कधी थांबली?
म्हटलं, दिवाळीत.
"मागच्या?"
दीपिका शेजारी. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती.
"त्याच्या मागच्या."
डॉक्टरने लिहून घेतलं. रडू येत होतं. गालांना खारं पाणी लागेल म्हणून आवरलं.