डोंग्यातल्या दोघी

१० नोव्हेंबर, रविवार

मुबीन आज दुकानात टेप घेऊन आला! मी गिऱ्हाइकाला गळ दाखवत होते आणि हा माझ्या पाठीमागे भिंत मोजत होता. मोबाईलचं शोकेस कुठे बसेल, चार्जर कुठे टांगायचे, सगळं ठरवून झालंय त्याचं. सख्खा दीर. त्याच्या भावाला, माझ्या शफीला, जाऊन अजून वर्ष व्हायचंय.

त्यात गडचिरोलीचे ते रविवारवाले साहेब आले. तलावावर जायचं होतं. ‘ट्रोलिंगसाठी कुठला चमचा देता?’ म्हणाले. मी नुसतीच डबा चाळत राहिले. मोबाईलवर लोकांना शिव्या घालतात ते ट्रोलिंग, एवढंच मला माहीत! साहेब हसले. मुबीन त्यांच्याहून जास्त हसला. ते गेल्यावर म्हणाला —

“भाभी, जिनं पान्यात कधी गळ टाकला नाई, ते गळ काय विकून राह्यली?”

आणि वर बोट केलं. वर शफीचा फोटो, पोस्टकार्डाएवढा, लोबानाच्या धुराने पिवळा पडलेला. हातात तो शिवडा — मिशांचा, रुंद जबड्याचा, छातीएवढा लांब. पंधरा वर्षं झाली, अख्ख्या वडसा गावाला तो मासा माहीत आहे. पहाटे तलावावरच्या मुखरू ढिवराचा डोंगा मागून घेतला, एकट्याने गेलो, एकट्याने पकडला — शफीच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. मुबीन म्हणतो, हे दुकान त्या माशावर चालतं. म्हणजे माझ्यावर नाही.

जागा गुणवंतरावांची. करार शफीच्या नावावर होता. संक्रांतीपर्यंत चालवून दाखव, नाहीतर मुबीनला देतो, असं ते तोंडावर म्हणालेत. निदान तोंडावर म्हणाले.

११ नोव्हेंबर

मोजू दे. टेप गुंडाळताही येते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आयशाला फोन केला. लेक नर्सिंगला आहे गडचिरोलीत, मोबाईलवर सगळं शोधून सांगते. ट्रोलिंग म्हणजे गळ टाकून वाट बघत बसायचं नाही. नाव चालती ठेवायची, मागे लांब दोरी सोडायची आणि गळ ओढत न्यायचा. दोरीच्या टोकाला धातूचा चमचा, त्याला गळ. चमचा पाण्यात डुलत डुलत येतो, मोठ्या माशाला वाटतं जखमी मासोळी चाललीय. बस! एवढ्यासाठी हसले?

ठरलं. मी तलावावर जाणार. स्वतः ओढून बघणार. मग कोणी विचारू दे कुठला चमचा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मुखरूकडे गेले. मोठ्या तलावाच्या पाळीवरच त्याचं घर. डोंगा मागितला. तो बिडी विझवून हसला. आमच्या तळ्यात बाई डोंग्यात बसत नाही म्हणे. बाईने मासे विकायचे, साफ करायचे, सुकवायचे — पण डोंग्यात बसली की तळं रुसते. कुठल्या आजोबाच्या काळी कोणी बसली होती, त्या वर्षी पाळ फुटली. मी म्हटलं, शफीला देत होतास ना? तर म्हणतो, “शफीभाऊची गोष्ट अलग.”

सगळ्यांची गोष्ट अलग. माझीच तेवढी एक.

त्याची बायको मनकर्णाबाई अंगणात मासे खवलत होती. तिने खवलणं थांबवलं नाही. एस्टीपर्यंत मात्र पोचवायला आली. मुखरू हिवाळाभर नाटक कंपनीत पडदा ओढतो. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, हा उजाडल्यावर घरी येतो आणि दुपारपर्यंत घोरतो. हे तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं!

“सोमवारी ये,” म्हणाली. “सकाळी.”

१८ नोव्हेंबर, सोमवार

गेले. बसले. पाळ फुटली नाही.

भीती वाटली, खोटं कशाला लिहू. डोंगा म्हणजे कोरलेलं लाकूड, शिंक आली तरी हलतो. मनकर्णाबाई मागे वल्हं घेऊन, मी पुढे तिच्याकडे तोंड करून, शफीचा रॉड हातात. दोरी सोडली. चमचा दुकानातला, नागपूरचा माल. दोन चकरा मारल्या आणि दोरी ओढून बघते तर तिचा शेवयांचा गुंता! चमचा पाण्यात गोल फिरतो, दोरीलाही पीळ देतो. मध्ये भिंगरी बांधायची असते, दोन्हीकडे डोळा असलेला फिरता तुकडा, म्हणजे पीळ तिथेच विरतो. भिंगऱ्यांचा डबा माझ्याच काउंटरवर! इतकी वर्षं लोक कशासाठी नेतात ते आज कळलं. सकाळ गुंता सोडवण्यात गेली.

एक गोष्ट मनात राहिली. मनकर्णाबाईचं वल्हं आवाज करत नाही. डोंगा एकाच चालीने चालतो, ना हळू ना घाई. विचारलं, कुठी शिकली? म्हणाली, पाहून पाहून.

२० नोव्हेंबर, बुधवार

नागपूरच्या चमच्यांचा भरवसा नाही. फार हलके, वर वर पोहतात. शिसं लावलं तर डुलणं बंद. म्हटलं, आपल्या घरात चमचे कमी आहेत का? लग्नातले सहा काढले. जाड स्टील. दांडी बारीक म्हणून भांडेवाल्याने नाव चमच्याच्या पाठीवर कोरलेलं — ‘नाहीद’. दांडी कापली, दोन्ही टोकांना भोक पाडून घेतलं, एकीकडे कडी, दुसरीकडे तीन तोंडांचा गळ. मग राख आणि चिंच लावून घासले. असे चमकले की तोंड बघावं!

अम्मी असती तर लग्नाच्या चमच्यांवर करवत चालवलेली बघून माझ्यावरही चालवली असती.

मनकर्णाबाईकडे चहाला बसले तेव्हा दाखवले. तिने हातात घेऊन उलटापालटा केला. मग उठून आपले चमचे आणले. तेही लग्नातले, तसेच पाठीवर नाव कोरलेले. पाचच होते. सहावा कुठे, विचारलं.

“तळ्यात गेला,” म्हणाली आणि साखर ढवळत बसली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. तीन फेऱ्या झाल्या या आठवड्यात, एक मासोळी नाही. पाणी आता निवळलंय, काचेसारखं. माझा चमचा खालून दिव्यासारखा लखलखतो आणि मासा पळतो! मनकर्णाबाईने आज वल्हं मांडीवर ठेवलं.

“नाहीद, तू भांडे घासाले आली का मासे धराले?”

इतकी हसले की डोंगा हलला. खरंच, हे दुसऱ्या कोणाकडून झालं नसतं. पुरुषाने चमचा जसा सापडला तसा बांधला असता. आम्हा बायकांना काळं भांडं दिसलं की हात शिवशिवतो. घरी आले आणि सहाही चमचे चुलीवर धरून काळे केले. एकाच्या फक्त पोटात बोटाएवढी चमक ठेवली. सासू असती तर रडली असती.

२८ नोव्हेंबर

मुबीनने निरोप पाठवलाय. लोक बोलतात म्हणे. त्यांना तोंड दिलंय, बोलतील.

४ डिसेंबर, बुधवार

मासा लागला. आणि गेला. तरी आज मी राणी आहे!

वळणावर लागला, हे लिहून ठेवते. सरळ जाताना काही नाही. मनकर्णाबाई तलावाच्या मधल्या बुडालेल्या मोहाच्या झाडाजवळ डोंगा वळवते — मोठं, सावकाश वळण, नागमोडी. वळताना दोरी ढिली पडते, चमचा जरा खाली बसतो, मग परत उचलतो. तेवढ्यात टोला! रॉडचं टोक पाण्यात गेलं. मी झटका दिला. हीच चूक. झटका द्यायचा नाही, डोंगा चालता ठेवायचा, गळ आपोआप रुततो. ती समोरून सांगत होती, “चालू दे, चालू दे,” आणि मला ऐकूच आलं नाही.

रॉडचं टोक बघत राहायचं, हीच खरी शिकवण. चमचा नीट डुलत असेल तर टोक थरथरतं, शिलाई मशीन चालू असल्यासारखं. थरथर थांबली म्हणजे चमच्याला शेवाळ अडकलं. ओढून काढ, साफ कर, परत सोड. उगाच अर्धा तास शेवाळ फिरवत बसू नये. मी बसले होते.

ती इतकं कुठून शिकली? बुडालेला मोह पाळीवरून दिसत नाही. पाहून पाहून?

८ डिसेंबर, रविवार

ते साहेब परत आले. विचारलं नाही त्यांनी, मीच सांगितलं. पाणी निवळलंय, चकचकीत नेऊ नका. भिंगरी लावा. फार घाईने वल्हवू नका. वळणावर लक्ष ठेवा. शिवड्याचे दात करवतीसारखे, म्हणून पुढे वीतभर तार घ्या. साहेबांनी मान हलवत हलवत सगळं घेतलं. काळे चमचेही दोन गेले! नाव का कोरलंय, विचारलं. म्हटलं, आमचा माल आहे.

मुबीन दारात उभा होता. ते गेल्यावर शटर अर्धं ओढून बोलला. भाईची इज्जत आहे, त्याची बेवा ढिवराच्या डोंग्यात फिरते, बरं दिसतं का. मी म्हटलं, एका डोंग्याने बुडेल एवढी शफीची इज्जत हलकी नाही. आणि शटर वर कर, गिऱ्हाईक परत जाईल.

केलं त्याने वर. मी भिंगऱ्यांचा डबा आवरायला घेतला.

१५ डिसेंबर, रविवार

पकडला! पकडला, पकडला!

मोहाच्या वळणावरच. या वेळी झटका नाही. तिने वल्हं थांबवलं नाही, मी रॉड उंच धरला आणि ओढत राहिले. तो खाली जायचा, मी सोडायची, तो दमायचा, मी गुंडाळायची. शेवटी डोंग्याजवळ पांढरं पोट वर आलं. जाळी तिने घातली. शफीच्या माशाएवढा नाही, पण शिवडाच. माझा चमचा त्याच्या जबड्यात, काळा, ‘नाहीद’ वर.

मनकर्णाबाई रडत होती. मला वाटलं हसतेय. विचारलं तर म्हणाली, डोळ्यात पाणी उडालं.

मी म्हटलं, दोघींचा फोटो काढू, मासा मधे धरून. तिने पदर तोंडावर ओढला. “माझा नोको. मुखरू पाह्यन.” शेवटी तिने माझा काढला. बोट आलंय कोपऱ्यात तिचं. मला तोच कोपरा आवडतो.

मासा पोत्यात घालून एस्टीने आणला. शेपूट बाहेर. कंडक्टर म्हणाला याचं अर्धं तिकीट लागते. अख्खी गाडी हसली, मी सगळ्यात जास्त.

बसस्टँडवरून सरळ गुणवंतरावांच्या ओट्यावर. पोतं उघडलं. ते चष्मा लावून पोत्यावर वाकले. मग विचारलं, दोरी किती सोडली होती, चाल कशी होती, चमचा कुठला. एकेक सांगितलं. ते स्वतः तरुणपणी गळ टाकायचे, त्यांना कळत होतं मी पाठ केलेलं बोलत नाही.

“करार तुझ्या नावानं करू,” म्हणाले.

घरी येऊन शफीच्या कपाटासमोर बसले. बोलले त्याच्याशी. तुझ्यासारखा मोठा नाही मिळाला, म्हटलं, पण मिळाला.

२ जानेवारी, गुरुवार

करार झाला. आता पाटी नवी. गुणवंतरावांचं म्हणणं, वर फोटो शफीचाच ठेव, मोठा करून. बाईच्या माशावर कोणी येणार नाही, शफीच्या माशावर येतात. मनात आलं सांगावं, माझाच लावते. पण त्याचा चेहरा दुकानावर असावा असं मलाही वाटतं. आठवण येते त्याची. इतकं साधं आहे ते.

मुबीन पडल्या तोंडाने का होईना, मदतीला आला. फ्रेम काढून फोटो त्यानेच छापायला नेला.

१२ जानेवारी, रविवार

फ्लेक्स आला. शटरएवढा. मासा मोठा दिसावा म्हणून शफीने तो हात लांब करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरला होता, सगळेच धरतात. त्यामुळे माशाचा जबडा आता माझ्या डोक्याएवढा. जबड्यात चमचा लटकलेला. चमच्यावर टिंबाटिंबांची अक्षरं. सौ. मनकर्णा.

एकट्याने म्हणे! पंधरा वर्षं मलाही तोच मासा वाढला या माणसाने. राग आला, खूप आला. मग हसूही आलं — मुबीन ज्या माशावर बोट ठेवून मला हाकलत होता, तो मासा बाईच्या चमच्यावरचा!

फ्लेक्सचा फोटो काढला आणि बाजारात गेले. मनकर्णाबाई मासे तोलत होती. मोबाईल पुढे धरला. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि बघितलं.

“मीच म्हटलं शफीभाऊले, तू हातात धर, तूच पकडला सांग. मुखरूनं डोंगा फोडला असता.”

मी विचारलं, लावू का दुकानावर?

तिने तराजू खाली ठेवला.

“लाव. मुखरूले वाचता येते.”