उतरणीवरून परत वर

लष्करी छावणी, पॅलेस्टाइन
२३ नोव्हेंबर १९४१

चि. क्लाइव्ह यास,

वॉलेसचे अनेक आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे. तोंडात वाळू आणि ताटात बकरी, या दोन गोष्टी सोडल्या तर तक्रार नाही.

आईच्या पत्रातून कळलं की तुला अखेर बोलावणं आलं आणि तू देशरक्षक पलटणीत गेलास. अभिनंदन करू की समाचाराला येऊ, ते ठरेना. आमच्या तंबूत तुम्हा लोकांना चॉकलेट शिपाई म्हणतात, हे तुझ्या कानावर आलंच असेल. वेष्टन झकास, पण उन्हात नेलं की वितळतात. आम्ही आपणहून नाव नोंदवलं, समुद्र ओलांडला, सीरियाच्या टेकड्यांत माणसं पुरली. तुम्हाला सरकारने कान धरून उभं केलं, तेही अशा अटीवर की घर सोडून लांब जायचं नाही.

तू म्हणशील, आमच्या फौजेत यायला वीस वर्षांचा नाही म्हणून आईची सही लागते आणि आई करत नाही. खरं आहे. पण सही मिळाली नाही याचं तुला वाईट वाटलं की बरं, ते तुझं तुला ठाऊक.

चालू दे. गाईंच्या धारा काढून हात मजबूत झालेत, बंदूक पेलेल. आईला लाकडं फोडून ठेवत जा. माझ्या लाल घोडीवर बसू नकोस, ती माणूस ओळखते.

राग धरू नये, माया असावी.

तुझा थोरला,
वॉलेस

•

न्यू गिनी (गावाचं नाव लिहू देत नाहीत)
११ मार्च १९४२

ती. आईच्या चरणी,

क्लाइव्हचा नमस्कार. तुझा फ्रूटकेकचा डबा पोचला. वरून शिवलेलं कापडही मी जपून ठेवलंय, पाय पुसायला उपयोगी पडतं.

आम्ही लढायला आलो की हमाली करायला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. दिवसभर जहाजं उतरवतो, चर खणतो, धावपट्टीवरचे खड्डे बुजवतो. जपानी विमानं येतात, नवे खड्डे पाडून जातात. बंदुका बाबांच्या लढाईच्या काळातल्या आहेत. माझ्या बंदुकीच्या दस्त्यावर कुणीतरी चाकूने अक्षरं कोरलीत. तो माणूस जिवंत परतला असं मी ठरवून टाकलंय.

पलटणीत बहुतेक माझ्याच वयाचे. मच्छरदाण्या थोड्या, मच्छर पुष्कळ. तरी काळजी करू नकोस, हसायला कारण सापडतं. आमचा स्वयंपाकी मटणाच्या डब्याला रोज नवं नाव देतो आणि चव तीच ठेवतो.

दादाचं पत्र मिळालं. तू त्याला रागावून लिहू नकोस. मी उत्तर पाठवलेलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलेलंच नाही अजून.

गुडघ्याला गार पाणी लावू नको. तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,

क्लाइव्ह

•

कोलॅकजवळ, व्हिक्टोरिया
२ जुलै १९४२

चि. वॉलेस यास,

आईचे आशीर्वाद. तुमची फौज मायदेशी परतली आणि तू क्वीन्सलँडच्या उन्हात कवायत करतोयस, याचं मला समाधान आहे. पण हे पत्र समाधानाचं नाही.

रजेवर आला होतास तेव्हा गावच्या सभागृहात चार माणसांत तू काय बोललास, ते मला पोचायला वेळ लागला, पण पोचलं. म्हणे न्यू गिनीतली पोरं जपान्यांचं नुसतं तोंड बघतील आणि बंदुका टाकून घरची वाट धरतील. त्या पोरांत तुझा भाऊ आहे. ऐकणाऱ्यांत आणखी दोघांच्या आया होत्या. एकीने, म्हणजे दुकानातल्या बाईनेच, मला सांगितलं आणि वर म्हणाली की तुझ्या मुलाला जग बघून फार शहाणपण आलंय. मी पिठाची पिशवी उचलून घरी आले.

सहीबद्दल म्हणशील, तर क्लाइव्हने कागद दोनदा टेबलावर ठेवला आणि दोनदा मी तो चुलीत घातला. त्याची मला लाज नाही. तुमचे बाबा फ्रान्समधून विषारी वायू छातीत घेऊन आले आणि याच घरात खोकून खोकून गेले. एक मुलगा मी दिलाय. दुसऱ्याला मी आपल्या हाताने धाडायचं नाही, एवढंच मी म्हटलं. न्यू गिनीचा तो भाग आपल्या अमलाखालचा निघाला आणि सरकारने त्याला विचारल्याशिवाय तिकडे नेला. तो कुरकुरला नाही. तू असतास तर पंतप्रधानांना पत्र लिहिलं असतंस.

त्याला दोन बऱ्या ओळी लिही. नाहीतर माझ्याकडून केक मागू नकोस.

रागावलेली असले तरी तुझीच,
आई

•

क्वीन्सलँड
४ ऑगस्ट १९४२

ती. आईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितोय, सामान जहाजावर चढतंय. कुठे जातोय ते सांगता येत नाही, पण तू नकाशावर उत्तरेकडे बोट ठेवलंस तर फारसं चुकणार नाही. धाकट्याचं नाक पुसायला कुणीतरी जायला हवंच होतं. भेटला की तुझ्या नावाने एक धपाटा घालीन आणि लगेच तुला कळवीन. केकचं मनावर घे.

वॉलेस

•

लष्करी इस्पितळ, न्यू गिनी
१७ सप्टेंबर १९४२

ती. आईच्या चरणी,

वॉलेसचा साष्टांग नमस्कार. तार तुला मिळाली असेल. गोळी मांडीतून गेली, हाड थोडं दुखावलंय, पाय जागेवर आहे. माझी काळजी करू नकोस. मला क्लाइव्हबद्दल लिहायचंय, आणि तू ते नीट बसून वाचावंस.

आम्ही कित्येक दिवस डोंगर चढत होतो. वाट म्हणजे चिखलाची शिडी. पाठीवर ओझं, वरून पाऊस, एक चढ संपला की तेवढीच उतरण. आमच्यात एकच थट्टा चालली होती, की वर चॉकलेटं मांडून ठेवलीत, वितळायच्या आत पोचायला हवं. त्या थट्टेत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

इसुरावा नावाच्या डोंगरगावाला पोचलो (नाव खोडलं तर खोडू देत) आणि थट्टा बंद झाली. कुणी बंद करा म्हटलं नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत पोरं उभी होती. गाल बसलेले, डोळे पिवळे, कितीकांच्या बुटांना तळवेच नव्हते. त्यांनी कित्येक आठवडे, आपल्या कितीतरी पट शत्रूला, एकेक वाट लढवत थोपवून धरलं होतं. गार बिस्किटं खाऊन, ओल्यात झोपून. आमच्यातला एक दांडगा गडी, ज्याने बैरूतमध्ये चौघांना लोळवलं होतं, तो आपले मोजे काढून एका पोराला देत होता आणि तोंड दुसरीकडे करून उभा होता.

मी क्लाइव्हबद्दल विचारत फिरलो. ज्याला विचारलं तोच क्लाइव्ह निघाला. मी ओळखलं नाही, आई. तो म्हणाला की दादा, यायला बराच वेळ लावलास. धपाटा घालायला पाठ शोधली तर नुसती हाडं लागली.

त्याला ताप होता, हगवण होती, पायांना जखमा होत्या. डॉक्टरने त्याला आजाऱ्यांबरोबर खाली पाठवलं. तो जाईना. मी दटावलं की आता मोठी माणसं आली आहेत, तू जा. काठी टेकत टेकत गेला बिचारा. मला वाटलं, सुटला.

मग शत्रू पुरा लोटला. दोन दिवस त्यांनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. आमची रांग जागोजाग फाटली, माझ्या दोन्ही बाजूंचे खड्डे रिकामे झाले. तिसऱ्या दुपारी मागच्या वाटेवर पावलं वाजली. मला वाटलं, त्यांनी मागून गाठलं. मी बंदूक वळवली.

ते आजारी होते, आई. खाली पाठवलेले तेच. एकाचा हात गळ्यात बांधलेला, एकाने बुटांऐवजी कांबळ्याचे तुकडे गुंडाळलेले. वाटेत त्यांना कळलं की वर पलटण संकटात आहे. बरोबरच्या अधिकाऱ्याने म्हटलं की ज्यांना चालता येतं त्यांनी सांगावं. ज्यांना येत नव्हतं त्यांनीही हात वर केले. दिवसभराची उतरण ते परत चढून आले. कुणाचा हुकूम नव्हता. हुकूम तर खाली जाण्याचा होता.

क्लाइव्ह माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला की थोडं सरक, पाय पसरायला जागा नाही. एवढंच. मग गोळ्या मोजून मला निम्म्या दिल्या. संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्यापुढून कुणी आत आलं नाही. मी सीरियात शूर माणसं पाहिली आहेत, बाबांच्या मित्रांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. शेजारी असा माणूस मला याआधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या सकाळी मला गोळी लागली. त्यानेच ओढत मागे नेलं. पुढे इथल्या पापुअन लोकांनी कांबळं आणि दोन वासे यांची डोली करून मला नद्यांवरून, कड्यांवरून आणलं. पावसात केळीची पानं माझ्या तोंडावर धरायचे, स्वतः भिजायचे. त्यांची भाषा मला येत नाही. उतरताना मी त्यांच्या म्होरक्याचा हात धरला तो सोडवेना.

क्लाइव्ह पलटणीबरोबर मागेच राहिला, माघार घेणाऱ्यांची पाठ राखायला. पुढचं मला माहीत नाही. येणाऱ्या प्रत्येक डोलीला विचारतो.

त्याला मी जे लिहिलं होतं ते त्याने टाकून दिलं असलं तर बरं.

तुझा
वॉलेस

•

कोलॅकजवळ
१ ऑक्टोबर १९४२

चि. वॉलेस यास,

अनेक आशीर्वाद. तारवाल्या बाईची सायकल फाटकाशी थांबली तेव्हा मी गाईखालून उठलेच नाही. म्हटलं, धार पुरी होऊ दे, तोवर दोन्ही मुलं माझी आहेत. तार तुझी निघाली, आणि जखमी एवढंच लिहिलेलं बघून मी त्या बाईला चहा पाजला.

मग तुझं पत्र आलं. रविवारी मी ते सभागृहात नेलं. वाचायला दुसऱ्याला देत नव्हते, पण चष्म्यावर पाणी येत राहिलं, तेव्हा शेवटी त्या दुकानातल्या बाईने माझ्या हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. तिचाही मुलगा त्याच पलटणीत. आजारी परत आले त्या जागी ती थांबली, पुन्हा वरून वाचू का म्हणून तिने विचारलं. सगळे म्हणाले, वाच.

क्लाइव्हचं एक अक्षर नाही. वॅटलची झाडं पिवळी फुलली आहेत, वासरं धट्टीकट्टी आहेत, दिवस जातो. मी सही केली नव्हती याचा आता मला हिशेब लागत नाही. सहीविना तो जिथे पोचला, तिथे सही करून कोण पोचतं?

मन लावून बरा हो.

तुझी आई

•

न्यू गिनी, तळावरचं इस्पितळ
७ ऑक्टोबर १९४२

ती. आईच्या चरणी,

क्लाइव्हचा नमस्कार. मी आहे. आधी लिहिता आलं नाही. आता ताप उतरतोय आणि भूक इतकी की स्वयंपाकी मला बघून भांडं झाकतो.

दादाने काय काय लिहिलं असेल याची मला भीती आहे. त्यातलं निम्मं धर. मी वर परत गेलो कारण बाकीचे निघाले होते आणि एकट्याने खाली जायला मला वाट नीट माहीत नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगतो. माघारीत एका गावात थोडी उसंत मिळाली, तेव्हा साहेबांनी आमची पलटण उभी केली. पलटण कसली, उभं राहता येणारी मूठभर माणसं. काही काठ्यांवर, काही अनवाणी. साहेब थोडंच बोलले. ते मी लिहीत नाही, लिहिलं तर लहान होईल. पण आम्ही सावधान उभे होतो आणि कुणी हललं नाही. नंतर वाटेने खाली निघालो, तेव्हा दादाच्या पलटणीतली माणसं समोर आली. वाट अरुंद होती. ओझ्यासकट ती चिखलात उतरली आणि आम्ही पार होईपर्यंत तशीच उभी राहिली. त्यांनी आमच्यासाठी वाट सोडली, आई.

दुकानातल्या बाईला सांग, तिचा रॉय माझ्या शेजारच्या खाटेवर आहे, पत्र लिहायचा आळस करतोय.

बरा झालो की पुन्हा पलटणीत जायचंय. आशीर्वाद असावा.

तुझा क्लाइव्ह

•

लष्करी इस्पितळ, ब्रिस्बेन
१५ नोव्हेंबर १९४२

रा. रा. क्लाइव्ह पास्को यांस,

सा. न. वि. वि. थोरल्याने धाकट्याला नमस्कार लिहिण्याची रीत नाही, हे मला कळतं. आईने पत्र पाहिलं तर तिला माझ्याही डोक्यात ताप गेला असं वाटेल. वाटू दे.

तू बरा झालास आणि तुमची पलटण पुन्हा पुढे जायच्या तयारीत आहे, असं इथे आलेला एक जण सांगत होता. माझी कुबडी सुटली. डॉक्टर म्हणतात, नवं वर्ष लागलं की कवायतीला उभा राहीन.

काल मी इथल्या कचेरीत गेलो होतो. आपल्या फौजेत रीत आहे की थोरला भाऊ धाकट्याला स्वतःच्या पलटणीत मागून घेऊ शकतो. कारकून चांगला माणूस. माझी पलटण ऐकून त्याने मान डोलावली, कोरा कागद पुढे ओढला आणि कुणाला मागून घ्यायचंय म्हणून तुझं नाव विचारलं. मी म्हटलं की नाही, मला उलटं करायचंय. धाकट्याने थोरल्याला मागून घ्यायचं असेल तर काय करावं लागतं?

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याने तुझी पलटण कुठली ते विचारलं. मी सांगितली. तो खुर्चीवरून उठला, कपाटातली नियमांची सगळी पुस्तकं खाली काढली आणि आम्ही दोघांनी मिळून पाहिली. तसा नियम कुठेच नाही. तो म्हणाला की आजवर कुणी मागितलंच नाही, म्हणून केला नसेल.

तेव्हा आता तूच तुझ्या साहेबांपाशी शब्द टाक. म्हणावं, एक थोरला भाऊ आहे, थोडा लंगडतो, सांगाल ते काम करील.

वाट पाहणारा,
वॉलेस