ताठ मानेची लाथ

मंडाले,
थडिंजूटच्या पौर्णिमेला चार दिवस उरले, १९७९

ताई,

तुला वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक. माझा डावा गुडघा कुरकुरतो, पण खेळतोय अजून. यंदा वेत महाग झाल्यामुळे पोरे जुनेच चेंडू विणून-सांधून वापरतात. सूनबाईने तुझ्यासाठी मुरवलेली चहाची पाने बांधून ठेवली आहेत.

तू पाठवलेले पुडके मिळाले. मिळून पंधरा दिवस झाले, पोच द्यायची राहून गेली. राहून गेली कसली, मी टाळली.

तुला ते यांगूनचे मास्तर ठाऊक नसतील, ऊ सो न्युंट. आपल्या चिनलोनचा, या वेताच्या चेंडूच्या खेळाचा, इतिहास लिहायला आले होते. जत्रेत माझा खेळ पाहून खूश झाले. पाठीमागून, न बघता, तळव्याने चेंडू उडवायची ती लाथ त्यांनी मला चारदा मारायला लावली. मग वही काढली.

"ही कुणी बसवली हो?"

सभोवती माझ्या रिंगणातले पाचही जण उभे होते. म्हणालो, "मीच."

"आणि मान इतकी ताठ का? बाकी सगळे तर चेंडूकडे बघतात."

आता काय सांगू? माझ्या तोंडाला कधी कुलूप असते का! म्हणालो, "आमचे आजोबा राजवाड्यात खेळत. राजावरची नजर ढळू द्यायची नाही, ही तिथली अदब." मास्तरांनी ते लिहून घेतले. ताई, आजोबा राजवाड्यात भाजी पोचवायचे.

पुस्तकात तेच छापून आले. आता जत्रेत ध्वनिक्षेपकावरून पुकारतात, "बघा, बघा, म्या थाउंगची राजदरबारी लाथ!" ढोल वाजतो. पोरे राजाला बघितल्यासारखी समोर बघत लाथ मारतात, आणि मला ओशाळे वाटते. पहिल्या दिवशी नाही वाटले, हेही खरे सांगतो. पहिल्या दिवशी मी तीन प्रती विकत घेतल्या.

तू बारा वर्षांची होतीस. विहिरीवरून येत होतीस, डोक्यावर भरलेली घागर. आमचा चेंडू रिंगणाबाहेर उडाला, तुझ्या पाठीमागे. खाली बघावे तर पाणी सांडणार, आणि पाणी सांडले तर आई बडवणार. तू नुसता पाय मागे उचललास. चेंडू परत रिंगणात, पाण्याचा थेंब खाली नाही. "काय रे बावळटांनो, पायांना काय झालंय तुमच्या?" असे म्हणून तू घरी गेलीस. मग मी महिनाभर तुझ्या मागे लागलो. परसात तू मला शिकवलेस, माझ्या डोक्यावर रिकामी घागर ठेवून. मी सात घागरी फोडल्या. मार तू खाल्लास.

आपल्या खेळात कुणी जिंकत नाही, गुण कुणी मोजत नाही. मधल्याला चेंडू नीट मिळावा म्हणून बाकीचे पाच जण राबतात. तू आयुष्यभर बाहेर उभी राहून मला चेंडू देत आलीस आणि मी तुला रिंगणातूनच काढून टाकले.

म्हणून पुडके उघडताना आधी तुझे पत्र शोधले. पत्र नाही, निरोप नाही. नुसती एक चुंबळ, घागरीखाली डोक्यावर ठेवायची. जुन्या लुंगीची, तुझ्या हाताने वळलेली. शिव्या घातल्या असत्यास तर सोपे गेले असते गं.

काल ती डोक्यावर ठेवून मैदानावर गेलो. पोरे हसली. पुकारणाऱ्या को टेटला घागर, विहीर, सगळे सांगितले. तो म्हणाला, "काका, पुस्तकात वेगळं छापलंय." मी म्हटले, "पुस्तक खोटं आहे, मीच खोटं सांगितलंय. पुकार, थ्वेताईची लाथ." त्याने पुकारले. माझ्या पाचांपैकी दोघे आता माझ्याशी बोलत नाहीत. मास्तरांनाही लिहिले आहे.

पौर्णिमेला दरवर्षीप्रमाणे केळी-नारळ घेऊन तुझ्या पाया पडायला येतो, क्षमा मागायला. दरवर्षी मी डोके टेकायच्या आत तू म्हणतेस, "ऊठ, पुरे झालं." यंदा लगेच म्हणू नकोस. थोडा वेळ मला खालीच राहू दे.

तुझ्या सात घागरी फोडलेला,
म्या थाउंग