मंजुश्रीताईंच्या पिशवीत

मामा,

तुमच्या इष्टलिंगाची डबी तुम्ही हरवली नाही. चिनूने घेतली होती. मी तिला घेऊन स्टँडवर चाललेय.

गळ्यातला दोरा बदलायला तुम्ही डबी काढलीत, तेवढ्यात तिने उचलली. तुम्ही तिला तो साठ सालातला हेरगिरीचा सिनेमा दाखवता ना, त्यातला रुबाबदार इन्स्पेक्टर हसत हसत हात मिळवतो आणि चोरलेली फिल्म दुसऱ्याच्याच कोटात सोडतो. हिने आपल्याकडून नांदेडला परत निघालेल्या मंजुश्रीताईंना टाटा करताना डबी त्यांच्या पिशवीत सोडली! आत्ता विचारलं तर मलाच म्हणते, "मम्मी, इन्स्पेक्टर कुणाला सांगत असतो का?"

ताई फोन उचलत नाहीत. बस निघालेली असली तर पुढच्या गाडीने नांदेडला जाईन.

पूजेशिवाय तुम्ही जेवणार नाही, माहीत आहे. पण सकाळी शुगरची गोळी घेतलीय. निदान दूध तरी घ्या, ओट्यावर झाकून ठेवलंय. चक्कर आली तर शेजारच्या संगमेशला हाक मारा.

सकाळी तुम्ही म्हणालात, "सूनबाई, माझं डोकंच कामातून गेलंय बघ." आणि मी "नीट आठवा, नीट आठवा" करत राहिले. चुकलं माझं. तुम्ही डबी पाटावरच ठेवली होती.

मठात नवीन इष्टलिंग मागायला गेलात, फोन घरीच राहिला, म्हणून ही चिठ्ठी. स्वामींना निरोप पाठवा, आमचं सापडलं म्हणून. सापडलं असंच सांगा. मी घेऊनच येते.

शिवांगी