मामाविरुद्धची साक्ष

बाबा,

आज पितृपक्षातली आईची तिथी. पानं वाढून झाली, सगळे जेवून पांगले, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही असताना हे जमलं नाही. तुमच्यासमोर आवाज चढवायची आपल्या घरात पद्धतच नव्हती.

साक्षीचं खूळ तुम्ही माझ्या डोक्यात फार लवकर घातलंत. शेजारच्या काकूंची तुळशीची कुंडी कुणी फोडली हे मी पाहिलं होतं, आणि विचारल्यावर माझं लक्ष नव्हतं असं सांगून मोकळी झाले होते. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होता. हात न थांबवता म्हणालात की, साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाचे पितर वर अधांतरी लटकून राहतात, त्याच्या तोंडून काय निघतं याची वाट बघत. खरं निघालं तर ते वर जातात, खोटं निघालं तर खाली पडतात. आणि पाहूनही गप्प बसणारा खोटं बोलणाऱ्यांच्याच पंगतीतला. मग कितीतरी दिवस मला पंख्याला आजोबा लटकलेले दिसायचे. पोरीला कशाला घाबरवता, म्हणून आई तुमच्यावर चिडली होती. तुम्ही हसलात आणि मला खोबऱ्याची चिमूट दिलीत.

पुढे गोरव्याच्या वसाहतीत, तुमच्या कारखान्यात तो माणूस मेला, तेव्हा मी कॉलेजात होते. बाहेरच्या देशांच्या ऑर्डरी येऊ लागल्या होत्या, कायमची माणसं कमी करून ठेक्यावरची भरत होते, आणि जो तो घाईत होता. तुम्ही तिथे फिटर, मामा सुपरवायझर. आईचा एकुलता एक भाऊ. तुम्हाला तिथे चिकटवलं होतं त्यानेच. जड माल उचलायची साखळी झिजली आहे, असं तुम्ही सकाळीच त्याला सांगितलं होतंत. आजचा माल जाऊ दे, उद्या बदलू, असं तो म्हणाला. दुपारी साखळी तुटली आणि दाहोदकडून आलेला ठेक्यावरचा एक मजूर मालाखाली जागच्या जागी गेला.

त्या संध्याकाळी मामा घरी आला. शर्ट घामाने भिजलेला. आई रडत होती. आपल्या देवघरात खंडोबाच्या टाकापुढे ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा असायचा. गायकवाडी फौजेतून इथे आलेल्या आपल्यासारख्या घरांत तो उचलून दिलेल्या शब्दापुढे स्टॅम्पपेपरलाही किंमत नाही. मामाने ती ताटली तुमच्यासमोर धरली. "दाजी, मला एकटं पाडणार नाही एवढं म्हणा." तुम्ही बेलभंडारा उचललात आणि तसं म्हणालात. साक्षीत काय बोलायचं आहे ते न विचारताच उचललात. ते दोन दिवसांनी कळलं. तो मजूर दारू पिऊन स्वतःच मालाखाली शिरला, असं सगळ्यांनी सांगायचं होतं. तसं ठरलं की मामा सुटणार, कारखाना सुटणार, आणि त्याच्या बायकोला भरपाईचा दरवाजा बंद.

लेबर कोर्टात तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही नीट जेवला नाहीत. आई रोज एकच म्हणायची, एवढं पतवून टाका, मिटवा एकदाचं, माझ्या भावाची पोरं लहान आहेत. मी तुमच्यासोबत आले होते, मागच्या बाकावर बसले होते. मालकांच्या वकिलाने विचारलं आणि तुम्ही गुजरातीत म्हणालात, "साहेब, ए पीधेलो नहोतो. में एनी साथे चा पीधी हती." तो प्यायलेला नव्हता, मी त्याच्याबरोबर चहा घेतला होता. मग साखळीचंही सांगितलंत, आणि ती वापरा असं कोण म्हणालं तेही. मामा खिडकीशी उभा होता. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही.

कारखान्याने सगळा दोष मामावर ढकलून हात झटकले. त्याची नोकरी गेली, वर पोलीस केस. चार महिन्यांत तुम्हालाही घरी बसवलं. भरपाई मिळाल्यावर ती दाहोदची बाई एकदा पिशवीभर मकई घेऊन आली, दारातच तुमच्या पाया पडली. आईने पिशवी घेतली आणि ती बाई वळताच सगळी कणसं रस्त्यावरच्या गाईपुढे टाकली. तुम्ही ते पाहिलंत. देवघरात तर तुम्ही पाऊल टाकणंच सोडलं होतंत. खंडोबाला दिलेला शब्द मोडला, आता या हातांनी त्याला हळद कशी वाहू, म्हणायचा. खरं बोलून माणसाला बरं वाटतं असं मी ऐकून होते. तुमच्याकडे बघून मला तसं कधी वाटलं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला आई ताट घेऊन तरसालीला मामाकडे गेली. आत टीव्ही चालू होता, बोलणी ऐकू येत होती. दार कुणी उघडलं नाही. घरी येऊन ती गच्चीत गेली आणि तिने चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, बाबा. तिचा भाऊ तीन मैलांवर बसला होता. पुढे दरवर्षी ती तेच करत राहिली, आणि तुम्ही खाली दिवा न लावता बसून असायचा. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली, "त्या मेलेल्या माणसाचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी माझा भाऊ घालवला यांनी. मी हे घेऊनच जाणार." आणि ती घेऊनच गेली. मामा स्मशानातही आला नाही.

मग तुम्ही दवाखान्यात होता. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "साक्षीला उभी आहेस असं समजून सांग. तुझी आई माझ्यावर राग धरून गेली का?" मी म्हटलं, नाही. कधीच नाही, उलट तुमचं बरोबर होतं असं म्हणायची. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि मनगट सोडलंत. त्यानंतर तुम्हाला शांत झोप लागली.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात होतं, पण शेजारी आईचाही फोटो आहे, आणि खोटं मी तिच्या नावावर बोलले. म्हणून फाडून टाकीन. आणि बाबा, तुम्ही पुन्हा विचारलंत, तर मी पुन्हा तेच सांगेन.